समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभं असलेलं विमान घ्यावं का? खारी हवा, गंज आणि इंजिन

चौथा_भागीदार
मंडळी, आम्ही चौघं मिळून एक जुनं विमान घ्यायच्या विचारात आहोत, पायपर पीए-२८, इंजिन लायकमिंग ओ-३२०. रंग मस्त, आतल्या सीट नव्या, रेडिओ नवा आणि ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यावर) ते जेमतेम ३०० तास चाललंय. मालकाचं सारखं एकच पालुपद, इंजिन कोरं आहे हो. पण त्या ओव्हरहॉलला ११ वर्षं झालीत, त्यातला बहुतेक काळ विमान समुद्राला लागून असलेल्या धावपट्टीवर उघड्यावर बांधलेलं होतं, आणि लॉगबुकात एका ठिकाणी एकच ओळ आहे की वादळात एप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागेवर) भरतीचं पाणी आलं, चाकं धुतली, ब्रेक तपासले. बास. पाणी कुठवर चढलं होतं त्याचा पत्ता नाही. आमच्यातला एक म्हणतो ॲल्युमिनियम गंजत नाही, उगाच काय घाबरतोस. कुठे कुठे बघायचं, मालकाला काय विचारायचं, की सरळ रामराम ठोकायचा?

शंकासुर
ॲल्युमिनियम गंजत नाही हे मी पण ऐकलंय. त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो असं शाळेत शिकवलं होतं. मग समुद्राच्या हवेने नेमकं काय बिघडतं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

रसायनवाली
शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे, फक्त अर्धं. तो थर काही नॅनोमीटरचा असतो आणि साध्या हवेत चरा पडला तरी लगेच परत बनतो. पण मिठातला क्लोराइड आयन त्या थराला जिथे कमजोरी असेल तिथे नेमका भोक पाडतो, आणि एकदा बारीक खड्डा पडला की खड्ड्याच्या आतलं पाणी आम्लधर्मी होतं, तिथे थर परत बनूच शकत नाही, मग खड्डा खोल खोल जात राहतो. वरून बघाल तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि बाजूला पांढरी भुकटी.

दुसरं म्हणजे विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियम नसतोच. २०२४ मिश्रधातूत साधारण ४.४ टक्के तांबं असतं, ताकद त्यामुळेच येते आणि गंजाची खोडही त्यामुळेच. म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवतात, त्याला अल्क्लॅड म्हणतात. पातळ पत्र्याला हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ टक्के धरा, म्हणजे ०.८ मिमीच्या पत्र्यावर ०.०४ मिमी. हौसेने दरवर्षी पॉलिश मारणारे लोक हाच थर घासून घालवतात. आणि पत्रा कापला किंवा भोक पाडलं की त्या कडेला अल्क्लॅड नाहीच, उघडा २०२४ तोंड वासून बसलेला, गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विमान कोरडं दिसतंय म्हणजे कोरडं आहे असं नाही. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की पाणी खेचून ओलं होतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं व्हायला लागतं. त्यामुळे फटीत एकदा मीठ बसलं की पाऊस नसला, ऊन असलं तरी आत ओल राहते. चाकं धुतली हे ठीक, पण फटींचं काय?

रिव्हेटवाला
+१ रसायनवाली ताई. फटींचंच बघा. हातात एक चांगला टॉर्च, काडीवरचा आरसा आणि जमलं तर बोरस्कोप (भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा) घेऊन जा आणि रंगाकडे बघूच नका, विकायला काढलेल्या विमानाचा नवा रंग बघून मला तर आधी संशयच येतो. मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो.

पत्र्यावर पत्रा येतो त्या जोडाला गाल लावून तिरक्या उजेडात बघायचं. दोन रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) मधला पत्रा किंचित फुगलेला दिसला तर आत गंज आहे, कारण गंजलेल्या ॲल्युमिनियमला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते आणि ते पत्र्याला उचलतं. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट ओघळ असेल तर रिव्हेट हलतंय. रंगाखाली अळी फिरल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर तो फिलिफॉर्म गंज, तो वरवरचा असतो पण रंग लावताना तयारी धड केली नव्हती हे सांगून जातो. मग पियानो हिंज (लांब बिजागऱ्या), बॅटरी बॉक्सखालचा भाग, सीटचे रेल, शेपटीच्या टोकाला जिथे पाणी साचतं ती जागा, आणि पोटाखालची ड्रेनची भोकं मोकळी आहेत की रंगाने बुजवलीत ते.

पीए-२८ असेल तर मुख्य स्पार (पंखाचा आतला कणा) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंखातली इंधनाची टाकी स्पारला अगदी लगटून असते आणि टाकी आणि स्पारमधल्या फटीत काय चाललंय ते टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही. पायपरचं त्यावर सर्व्हिस बुलेटिन (कंपनीची तपासणीची सूचना) १००६ आहे, ते कधी केलं, खरंच टाक्या उतरवल्या की नुसती सही मारली ते लॉगबुकात शोधा. टाकीच्या स्क्रूंची डोकी बघितली तरी कळतं, वर्षानुवर्षांचा रंग खाचेत बसलाय म्हणजे कोणी उघडलेलीच नाही.

स्पारच्या कॅपला (कडेच्या जाड पट्टीला) कडेने बघताना पापुद्रे सुटल्यासारखं दिसलं तर तिथेच थांबा. ते एक्स्फोलिएशन, धातूच्या कणांच्या सीमेवरून गंज आडवा आत शिरतो आणि थर वेगळे होतात. पृष्ठभागावरचा खड्डा मॅन्युअलच्या मर्यादेत घासून काढता येतो, पण स्पारमध्ये थर सुटले तर घासायला खाली किती उरतंय ते आधी मोजायला लागतं आणि बहुतेक वेळा तो भागच बदलायचा असतो. ते गणित केलं तर विमानाच्या किमतीला भिडतं.

धावपट्टी_क्रमांक_शून्य
१९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं अर्धं छप्पर उडालं ते याच प्रकारातलं ना?

रिव्हेटवाला
काही अंशी. तिथे पत्र्यांच्या जोडातला गोंद सुटला होता, आत ओल शिरून गंज झाला आणि त्यावर ८९,६८० फेऱ्यांचा थकवा (वारंवार ताण येऊन धातू कमजोर होणं), प्रत्येक फेरीत केबिन फुगणार आणि बसणार. आपली छोटी विमानं प्रेशराइज्ड नसतात त्यामुळे तसं छप्पर उडायची भीती नाही. छोट्या विमानाचं उदाहरण हवं असेल तर २६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळचा सेसना टी२१० चा अपघात बघा. सर्वेक्षणासाठी खालून उडत होतं, पंखच सुटला, दोघे गेले. दोन्ही पंखांना जोडणारा जो आडवा कॅरी-थ्रू स्पार असतो त्यात थकव्याचा तडा होता आणि त्या तड्याची सुरुवात एका गंजाच्या खड्ड्यातून झाली होती. आणि ते ठिकाण समुद्रापासून भरपूर आत आहे बरं का. नंतर त्या मॉडेलमध्ये स्पारला चिकटवलेला फोम ओल धरून ठेवतो म्हणून तो काढून टाकायला लावला. आवाज कमी व्हावा म्हणून लावलेला फोम!

जुना_मेकॅनिक
स्ट्रक्चरचं रिव्हेटवाल्यांनी छान सांगितलंय, मी इंजिनावर येतो. मालक ३०० तास म्हणून मिरवतोय ना, मला तो आकडा ऐकूनच धडकी भरली. ११ वर्षांत ३०० तास म्हणजे वर्षाला २७-२८. त्यातही दोन वर्षं रोज उडवलं आणि बाकीची वर्षं नुसतं उभं असेल तर आणखी वाईट. लायकमिंग स्वतः सांगतं की ठरलेले तास भरले नसले तरी १२ वर्षांनी ओव्हरहॉल करा, म्हणजे कॅलेंडरने हे इंजिन संपत आलंय.

लायकमिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद केलं की तेल हळूहळू खाली निथळतं आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो कॅम. खारट दमट हवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून), एक्झॉस्टमधून आत बाहेर करत राहते, कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) आणि त्यावर टेकणाऱ्या लिफ्टरच्या तोंडावर बारीक तांबूस ठिपके येतात. मग एक दिवस कोणीतरी स्टार्ट करतं, ते ठिपके घासले जातात, त्या जागी खड्डा उरतो, आणि त्या खड्ड्यावर प्रत्येक फेरीला लिफ्टर दाबला जातो. पुढच्या शंभर-दोनशे तासांत लिफ्टरच्या तोंडाचे कपचे उडायला लागतात आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूची चमक दिसते. कॉन्टिनेन्टल कंपनीच्या इंजिनात कॅम खाली असतो म्हणून तो थोडा बचावतो, पण सिलिंडर तिथेही गंजतातच.

कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का ते बघायची चाचणी) उत्तम आली म्हणून भुलू नका. कम्प्रेशन रिंगा आणि व्हॉल्व्हचं सांगतं, कॅमचं काहीच सांगत नाही. प्लग काढून बोरस्कोपने सिलिंडरच्या भिंती बघा, नायट्रायडिंग करून (नायट्रोजनने) कडक केलेल्या स्टीलच्या भिंती लवकर गंजतात. पिस्टन जिथे थांबून राहिला होता तिथे गंजाचा पट्टा दिसला तर ते इंजिन किती काळ एकाच जागी उभं होतं ते कळेल. मालक तयार असेल तर एक सिलिंडर उतरवून कॅम बघायचा. तयार नसेल तर इंजिनाची किंमत शून्य धरून बोलणी करायची.

दर_रविवारी
एवढं काही नसतं हो. आमच्या ग्रुपचं विमान समुद्राकाठीच असतं, उडणं झालं नाही तर दर रविवारी कोणीतरी जाऊन दहा मिनिटं इंजिन चालवून येतं, आणि वेळ नसेल तर प्रॉपेलर हाताने चार फेऱ्या फिरवतं, तेल सगळीकडे पसरतं. इतक्या वर्षांत काही झालेलं नाही.

जुना_मेकॅनिक
राग मानू नका, पण या दोन्ही गोष्टी लायकमिंगच्याच सर्व्हिस लेटर एल१८० मध्ये करू नका म्हणून लिहिलेल्या आहेत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टने जाते पण थोडी रिंगांच्या कडेने खाली इंजिनाच्या केसमध्ये (तेल असतं त्या पेटीत) येते. जमिनीवर दहा मिनिटांत तेल तेवढं तापतच नाही, वाफ आतच थंड होऊन पाणी होते आणि तेलात मिसळून आम्लं बनवते. ते पाणी घालवायचं तर तेल ७४ ते ९३ अंश सेल्सियसला राहील असं सलग तासभर उडायला लागतं. आणि प्रॉपेलर हाताने फिरवला की वर तेल चढत नाही, ऑइल पंपाला तेवढा वेगच मिळत नाही, उलट भिंतीवर आणि कॅमवर जी काय तेलाची पातळ साय उरली होती ती पुसली जाते. शिवाय मॅग्नेटोचा (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) ग्राउंड तुटलेला असेल तर इंजिन अचानक चालू होऊन हात जायची भीती वेगळीच.

दर_रविवारी
मग महिना-महिना उडता आलं नाही तर काय करायचं, नुसतं बघत बसायचं का? हे पटत नाहीये.

जुना_मेकॅनिक
बघत बसू नका, प्रिझर्व्ह करा. शेवटचं उड्डाण प्रिझर्व्हेटिव्ह तेल घालून करायचं, गरम असतानाच वरचे प्लग काढून सिलिंडरमध्ये ते तेल फवारायचं, प्लगच्या जागी सिलिका जेलचे डीहायड्रेटर प्लग लावायचे, एक्झॉस्ट, इनटेक, ब्रीदर सगळं बंद करायचं आणि प्रॉपेलरवर मोठी पाटी लावायची की फिरवू नका. जेल निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की बदलायचं. समुद्राकाठी ते झटपट गुलाबी होतं, चक्कर मारून बघावंच लागतं, तेव्हा तुमचा रविवार काही वाया जाणार नाही.

दर_रविवारी
ठीक आहे, ग्रुपमध्ये हे मांडतो. पाटीवरून भांडण होणार हे नक्की.

मॅग्नेटो
मॅग्नेशियमबद्दल कोणी बोललं नाही अजून. समुद्राचं पाणी एप्रनवर आलं होतं म्हणताय तर चाकांचे हब मॅग्नेशियमचे आहेत का ते आधी बघा, बऱ्याच जुन्या चाकांचे असतात. मॅग्नेशियम वापरातल्या सगळ्या धातूंमध्ये सगळ्यात आधी बळी जाणारा, त्याला स्टीलचा बोल्ट आणि मिठाचं पाणी मिळालं की बॅटरीच तयार झाली. टायर उतरवून हबचे दोन अर्धे वेगळे करून आतून बघा, बाहेरून रंग शाबूत आणि आत राखाडी चुरा असं असू शकतं. काही मॅग्नेटोंची घरंही मॅग्नेशियमची. आणि व्ही शेपटीचं बोनान्झा विमान असेल तर शेपटीचे हलणारे पृष्ठभागच मॅग्नेशियम पत्र्याचे, त्या मालकांची तर झोप उडालेली असते कारण बदली मिळणं मुश्कील.

कंट्रोल केबल (पंख-शेपटीचे हलणारे भाग ओढणाऱ्या) विसरू नका. गॅल्व्हनाइज्ड केबल वरून छान दिसते आणि आतल्या तारा गंजून गेलेल्या असतात. ताण सैल करून केबल हाताने वाकवायची म्हणजे तारा उघडतात, आत लाल भुकटी दिसली तर केबल बाद. पुलीखाली आणि पोटाच्या तळाशी जिथे केबल जाते तिथे आधी बघा.

शंकासुर
अवांतर प्रश्न, पाण्यावर उतरणारी विमानं मग टिकतात तरी कशी? ती तर रोज मिठातच आंघोळ करतात.

तरंगता_तराफा
त्यांच्या मागे रोज कोणीतरी नळी घेऊन उभं असतं म्हणून टिकतात. मी फ्लोटवाल्या (चाकांऐवजी तरंगणारे तराफे लावलेल्या) विमानांबरोबर काम केलंय. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की गोड्या पाण्याने धुणं, अपवाद नाही. आणि नुसतं वरून नाही, फ्लोटच्या आतली कंपार्टमेंटं, स्ट्रटची टोकं, वॉटर रडरच्या केबल, फ्लॅपचे कोनाडे सगळं. भरपूर पाणी पण हलक्या दाबाने, प्रेशर वॉशर मारला तर बेअरिंगमधलं ग्रीस निघून जाईल आणि मीठ आणखी आत ढकललं जाईल. जवळ गोड्या पाण्याचं तळं असेल तर काही पायलट शेवटचं लँडिंग मुद्दाम तिथे करतात, फ्लोट आपोआप धुतले जातात.

टर्बाइन असेल, म्हणजे ट्विन ऑटर विमानाचं पीटी६ इंजिन वगैरे, तर कम्प्रेसरही धुवायचा, स्टार्टरवर नुसतं फिरवत आत पाणी सोडायचं. खाऱ्या हवेत काम असेल तर हे रोजचं. कम्प्रेसरच्या पात्यांवर मीठ साचून ताकद कमी होते हे एक, पण खरा घाव पुढे गरम भागात बसतो. मिठातलं सोडियम आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं, ते तापलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर बसून त्यांना खातं. सल्फिडेशन म्हणतात त्याला. पात्याच्या कडेला फोड आल्यासारखं दिसलं की पातं गेलं.

चौथा_भागीदार
बापरे, सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकला घेऊन जातोय. त्या भरतीच्या पाण्याबद्दल मालकाला फोनवर विचारलं तर म्हणाला फार नाही, टायरच्या अर्ध्यापर्यंत. आता ते खरं की खोटं कसं ओळखायचं?

रिव्हेटवाला
पाणी आपली खूण ठेवून जातं. फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) तळाचे इन्स्पेक्शन कव्हर उघडून आत बघा, गाळाची किंवा मिठाची आडवी रेघ, स्ट्रिंगरच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या) खोबणीत वाळू, इन्सुलेशनवर डाग. गालिचा नवा घातलाय का? मग गालिच्याखाली बघाच. तळातल्या वायरींचे कनेक्टर उघडा, तांब्यावर हिरवट काही दिसलं तर पाणी तिथवर आलं होतं, आणि ते हिरवं वायरीच्या इन्सुलेशनखालून आत चढत जातं, नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. पीए-२८ चे पंख खाली असतात हे लक्षात ठेवा, टायर अर्धे बुडेपर्यंत पाणी आणि वर वादळाच्या लाटा म्हणजे पंखाच्या खालच्या ड्रेनच्या भोकांतून पाणी आत उडालं असणार असंच मी धरून चालेन.

तरंगता_तराफा
आणि इंजिन पूर्ण बुडालं होतं असं कळलं तर पुढची चर्चाच नको. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन वाचवायचा एकच मार्ग, पाण्यातून काढल्या काढल्या गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं आणि लगेच सुटं करायचं. लगेच सुटं करता येत नसेल तर गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवायचं. ऐकायला उलटं वाटतं पण बाहेर काढून ठेवलं की मीठ, पाणी आणि भरपूर ऑक्सिजन तिन्ही एकत्र मिळतात आणि मग काही तासांत बेअरिंग, क्रँकशाफ्ट सगळ्यावर गंज. समुद्रातून काढलेले ब्लॅक बॉक्स पण पाण्याच्या डब्यातच घालून प्रयोगशाळेत नेतात ते याचसाठी. रेडिओ आणि इन्स्ट्रुमेंट मात्र गेली समजायची, वाळवून चालू झाली तरी भरवसा नाही.

चौथा_भागीदार
अपडेट. बघून आलो. गालिच्याखाली मागच्या सीटच्या पुढे पांढरी भुकटी होती पण पत्र्यावर खड्डे उथळ, मेकॅनिक म्हणाला हे घासून, अलोडाइन (गंजरोधक रसायन) आणि इपॉक्सी प्रायमर लावून सुधारेल. आडवी रेघ कुठे दिसली नाही, कनेक्टरही स्वच्छ, तेव्हा मालक पाण्याबद्दल खरं बोलत असावा. एका चाकाचा हब आतून खराब. केबल ठीक. बोरस्कोपमध्ये चारपैकी दोन सिलिंडरमध्ये गंजाचा पट्टा, जुना_मेकॅनिक काकांनी सांगितला होता अगदी तस्साच. टाक्या उतरवून स्पार बघायला मालक तयार झाला, खर्च आमचा. सिलिंडर काढायला मात्र ठाम नाही म्हणतो, म्हणे चालू इंजिनाला हात लावू देणार नाही.

जुना_मेकॅनिक
मग इंजिन ओव्हरहॉल करायचंय असं धरूनच भाव सांगा. दोन सिलिंडरमध्ये पट्टा आहे म्हणजे कॅम कोरा असेल ही आशा सोडा. आणि ओव्हरहॉलला उघडल्यावर क्रँकशाफ्टच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) खड्डे निघाले तर त्याचे पैसे वेगळे, ते घासून मर्यादेत बसलं तर ठीक नाहीतर शाफ्ट बदला. स्पार स्वच्छ निघाला तरच हा सगळा हिशोब करण्यात अर्थ आहे. आधी स्पार.

रिव्हेटवाला
काकांशी सहमत. आणि भुकटी काढताना मेकॅनिकला स्टील वूल वापरू देऊ नका, तारेचा स्टीलचा ब्रशही नाही. स्टीलचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तिथेच नवा गंज सुरू होतो. ॲल्युमिनियम वूल किंवा नायलॉनचं पॅड. एफएएचं (अमेरिकी विमान नियामकाचं) एसी ४३-४बी हे मार्गदर्शक पत्रक फुकट मिळतं, कोणत्या धातूला काय चालतं ते सगळं त्यात आहे, एकदा वाचून काढा, जरा रुक्ष आहे.

चौथा_भागीदार
स्पार स्वच्छ निघाला! डाव्या बाजूला टाकीच्या पट्टीखाली थोडा रंग उडालाय तेवढंच. इंजिन शून्य धरून आकडा सांगितला, मालक आधी भडकला, दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. सौदा जवळजवळ ठरलाय. आता एकच, पंखाच्या आत एसीएफ-५० फवारून घ्यायचं म्हणतोय, ते कितपत उपयोगी?

मॅग्नेटो
घ्याच. पातळ तेल असतं, फटीत शिरून तिथली ओल बाजूला सारतं. पण आधी धुवून पूर्ण वाळवून मग. साधारण वर्ष-दोन वर्षांनी परत मारावं लागतं, समुद्राकाठी ठेवणार असाल तर वर्षालाच. ब्रेकच्या डिस्कवर, ऑक्सिजनच्या फिटिंगजवळ आणि रबरावर उडू देऊ नका.

दर_रविवारी
आणि पुढचे काही आठवडे प्रत्येक रिव्हेटमधून तेल ठिबकत राहतं, पांढऱ्या रंगावर तपकिरी ओघळ येतात, त्यावर धूळ चिकटते. आमच्या ग्रुपमधल्या एकाने विमान गळतंय म्हणून मेकॅनिकला रात्री फोन केला होता.

चौथा_भागीदार
हाहा, आमच्या चौघांना आधीच सांगून ठेवतो. टाक्या अजून खाली आहेत तोवरच फवारून घेतो मग, परत उघडायला नको.